नारिंगी पट्ट्याची पिंपं

१९६२ ते १९७१ या काळात अमेरिकी विमानांनी व्हिएतनामच्या जंगलांवर आणि शेतांवर कोट्यवधी लिटर तणनाशक फवारलं. युद्धात शत्रूला लपायला झाडी उरू नये, म्हणून. त्यात सर्वाधिक वापरलं गेलं ‘एजंट ऑरेंज’. हे नाव पडलं पिंपांवरच्या नारिंगी पट्ट्यामुळे. त्यात डायऑक्सिन हे जहाल विष होतं.

या विषाच्या संपर्कात आलेले अमेरिकी सैनिक घरी परतले आणि पुढे कुणाला कॅन्सर, कुणाला मधुमेह, कुणाला कंपवात. पण हा आजार त्या फवारणीमुळेच झाला, हे एकट्या माणसानं सिद्ध कसं करायचं? १९९१च्या अमेरिकी कायद्यानं ते ओझं उतरवलं. ठरावीक काळात व्हिएतनाममध्ये सेवा आणि यादीतला आजार, एवढं असलं की संबंध गृहीत धरतात. मग अपंगत्वाच्या टक्क्यांनुसार दरमहा करमुक्त भत्ता मिळतो. समुद्रातल्या जहाजांवरच्या नौसैनिकांना मात्र, जमिनीवर पाय ठेवला नाही म्हणून, वर्षानुवर्षं नकार मिळाला. हा सरळसरळ अन्याय होता. २०१९च्या कायद्यानं तो दूर केला. तोवर अनेकांनी डोळे मिटले होते. २०२२ मध्ये यादीत उच्च रक्तदाबही आला.

ज्यांच्या शेतांवर हे विष पडलं, त्या व्हिएतनामी गावकऱ्यांना हा भत्ता नाही. ते बनवणाऱ्या रसायन कंपन्यांविरुद्धचा त्यांचा दावा अमेरिकी न्यायालयानं २००५ मध्ये फेटाळला.