वणवा, वीर आणि हजेरीपट

संयोजकांनी पत्रिकेत ‘अमेरिकेतील महावणवा’ असा विषय छापला आहे. मला खरे तर वणव्यापेक्षा वणवा विझवणाऱ्यांच्या मजुरीबद्दल बोलायचे आहे. हे आधीच सांगितलेले बरे. ज्यांना ज्वाळाच ऐकायच्या आहेत त्यांनी पंख्याखालच्या खुर्च्या गरजूंना द्याव्यात. (हशा) माझे म्हणणे थोडक्यात असे की, आग विझवणाऱ्याला वीर ठरवले की सरकार आणि समाज दोन्ही एका झटक्यात दोन जबाबदाऱ्यांतून मोकळे होतात. ज्या धोरणाने त्या माणसाला आगीच्या तोंडी पाठवले ते धोरण मग कोणी तपासत नाही, आणि त्याचे देणे चुकते करण्याची घाईही कोणाला राहत नाही. हे मी १९१० सालच्या एका वणव्यावरून दाखवणार आहे. त्यामागची कथा थोडक्यात सांगतो. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या काळात, १९०५ साली अमेरिकेचे वनखाते निघाले, पिंचो त्याचे पहिले प्रमुख झाले आणि जानेवारी १९१० मध्ये राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी त्यांना घरी बसवले. ते सगळे सोडून थेट ऑगस्टमध्ये येऊ.

आयडाहो, माँटाना आणि वॉशिंग्टन या तीन राज्यांच्या डोंगराळ सीमेवर त्या वर्षी वसंतापासूनच पावसाने पाठ फिरवली होती. कुठे वीज पडून, कुठे डोंगरातून नुकत्याच सुरू झालेल्या आगगाडीच्या इंजिनातल्या ठिणग्यांनी, कुठे माणसाच्या निष्काळजीपणाने शेकडो छोट्या आगी धुमसत होत्या. २० ऑगस्टच्या दुपारी वादळी वारा सुटला आणि त्या आगी एकमेकींना मिळाल्या. दोन दिवसांत सुमारे ३० लाख एकर, म्हणजे १२ लाख हेक्टर जंगल जळाले. आपला पुणे जिल्हा डोळ्यांसमोर आणा आणि त्याचा पाऊण हिस्सा दोन दिवसांत काळा झाला असे समजा. निदान ८५ माणसे मेली. त्यांतली ७८ आग विझवायला गेलेली होती. ही माणसे कोण होती? वनखात्याचे गणवेशातले रेंजर त्यांत मूठभर. बाकी खाणकामगार, लाकूडतोडे, शहरांच्या गुत्त्यांतून आणि रेल्वे स्थानकांवरून गोळा केलेले बेकार, इटली आणि बाल्कन देशांतून पोटासाठी आलेले परदेशी. मजुरी तासाला २५ सेंट. हात कमी पडले तेव्हा लष्कर बोलावले गेले. त्यात पंचविसाव्या पायदळ रेजिमेंटचे कृष्णवर्णीय सैनिक होते आणि आव्हरी गावातली माणसे आगगाडीने बाहेर काढण्यात त्यांचा मोठा वाटा होता. आणि हे सारे झाल्यावर वणवा विझवला कुणी? वारा पडला, थंडी आली आणि पाऊस झाला, म्हणून तो विझला. माणसांनी फावड्या-कुऱ्हाडींनी आखलेल्या रेषा त्याने पाहिल्यासुद्धा नाहीत.

आता एड पुलास्की. या माणसाला मी दोन मिनिटे देणार होतो, पण तो दोन मिनिटांत आवरणारा नाही. वॉलेस या खाणींच्या गावचा हा रेंजर चाळिशी ओलांडलेला, पदवी-बिदवी नसलेला, पण डोंगराची प्रत्येक वाट पायाखालची. २० तारखेला रसदीसाठी तो गावात उतरला होता. गाव वाचेल असे त्याला वाटेना. बायकोला आणि मुलीला सुरक्षित जागा गाठायला सांगून तो उलट डोंगरात, आपल्या माणसांकडे गेला. साधारण ४५ माणसे त्याने गोळा केली, तोवर गावाकडची वाट बंद झाली होती. धुरात हातभर पुढचे दिसत नव्हते. एक जुना खाणीचा बोगदा जवळपास आहे हे त्याला ठाऊक होते. चाचपडत त्याने सगळ्यांना, दोन घोड्यांसकट, तिथे आणले आणि जमिनीवर पालथे पडायला लावले. जमिनीलगत हवा थोडी बरी असते. तोंडाशी बोगद्याला आधार देणारी लाकडे पेट घेऊ लागली. पुलास्कीने तिथे ओली ब्लँकेटे टांगली, आणि बोगद्यात साचलेले पाणी टोपीने उपसून तो त्या लाकडांवर मारत राहिला. घाबरलेली माणसे बाहेर धावू लागली, तेव्हा त्याने पिस्तूल काढले आणि जो बाहेर जाईल त्याला गोळी घालीन असे सांगितले. शेवटी तो स्वतःही बेशुद्ध पडला. पहाटे कुणीतरी म्हणाले की साहेब गेला. त्यावर साहेबाने पडल्या पडल्याच त्याला झापले. (हशा) त्या बोगद्यात पाच माणसे गुदमरून मेली. बाकीची, बूट जळालेली, चिंध्या पांघरलेली, धडपडत वॉलेसला पोचली. गावाचा साधारण तिसरा हिस्सा तोवर खाक झाला होता.

आपण टाळ्या वाजवल्यात ते योग्यच झाले. पण पुढचे ऐका. पुलास्कीच्या एका डोळ्याची दृष्टी गेली होती, फुप्फुसे कायमची अधू झाली होती. जखमींच्या औषधपाण्यासाठी सरकारी तरतूद नव्हती. खात्यातल्या लोकांनी पगारातून वर्गणी काढून दवाखान्याचा खर्च भागवला. पुलास्कीने तसाच कामावर परत जाऊन वॉलेसच्या स्मशानातली आपल्या माणसांची थडगी स्वतः निगुतीने राखली. १९२३ साली एका मासिकाने वणव्यांच्या अनुभवांवर निबंधस्पर्धा लावली. त्याने त्या रात्रीची हकीकत लिहिली, ५०० डॉलरचे बक्षीस मिळवले आणि ते पैसे डोळ्यावरच्या उपचारासाठी वापरले. एका बाजूला कुऱ्हाड, दुसऱ्या बाजूला कुदळ अशा एका अवजाराला आजही त्याचे नाव आहे. अमेरिकेत वणवा विझवायला जाणाऱ्या प्रत्येक तुकडीकडे ‘पुलास्की’ असतेच. म्हणजे नाव अजरामर आणि डोळ्याच्या उपचाराचे बिल स्वतःच्या खिशातून! मला ‘हिशेबी’ म्हणून हिणवले जाते, ते मी मान्य करतो. पण हा हिशेब कुणीतरी मांडायला हवा.

आता धोरणाकडे. मृतांची राख थंड होण्याआधीच पिंचो यांनी वृत्तपत्रांतून सांगायला सुरुवात केली की, खात्याला पैसा नाकारणाऱ्या संसद सदस्यांमुळे ही माणसे मेली. आरोपात तथ्य होते. पण मृत्यूंचा उपयोग झाला तो मृतांच्या बायकापोरांसाठी नव्हे, खात्याच्या अंदाजपत्रकासाठी. १९११ साली वीक्स कायदा झाला आणि वणव्यांविरुद्धच्या कामाला केंद्राचा पैसा मिळू लागला. खात्याचे पुढचे प्रमुख पाहा. ग्रेव्हज १९१० मध्येच प्रमुखपदी बसले होते. ग्रीली त्या जळलेल्या विभागाचे मुख्य अधिकारी होते, सिल्कॉक्स त्यांचे दुय्यम. या तिघांनी पुढच्या तीस वर्षांतला बहुतेक काळ खाते चालवले, आणि तिघांच्याही मनात तो एकच ऑगस्ट होता. त्यातून १९३५ साली सिल्कॉक्स यांचा नियम आला: कुठलीही आग कळली की दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत ती आटोक्यात आलीच पाहिजे, नाही आली तर त्याच्या पुढच्या दिवशी दहापर्यंत. आग लहान आहे की मोठी, जंगल कसले आहे, कुणाला धोका आहे, हे प्रश्न बाद. योगायोग असा की, थोड्या थोड्या आगी मुद्दाम लावून जंगलातला पालापाचोळा कमी ठेवावा असा युक्तिवाद करणारा लेखही कॅलिफोर्नियातल्या एका मासिकात त्याच ऑगस्ट १९१० मध्ये छापून आला होता. मूळ रहिवासी हेच करत आले होते. वनखात्याने एका आदिवासी जमातीचे नाव जोडून या पद्धतीची टिंगल केली. ७८ माणसांच्या चिता पेटलेल्या असताना आगीची बाजू कोण घेणार? हौतात्म्याचा हा दुष्परिणाम मला फार महत्त्वाचा वाटतो. त्याने वाद जिंकला नाही. वादच होऊ दिला नाही.

यावर एक जाणकार आक्षेप आहे, आणि तो मी टाळणार नाही. उत्तर रॉकीजमधली ती दाट, तुलनेने ओलसर जंगले मुळातच दीर्घ काळाने आणि प्रचंड जळणारी आहेत. तिथे दरवर्षी थोडे थोडे जाळून १९१० टळले असते असे म्हणणे चूक आहे. तो दुष्काळ आणि तो वारा असताना काहीही टळले नसते. पूर्ण मान्य. पण मग हाच न्याय उलटाही लावा. जे जाळून टळले नसते, ते विझवूनही टळणार नव्हते. खात्याने मात्र त्या आगीतून धडा काढला तो ‘आणखी माणसे, आणखी रस्ते, आणखी पैसा’ असा, आणि तो कोरड्या पाँडेरोसा पाइनच्या जंगलांनाही लावला. ती जंगले वरचेवर येणाऱ्या हलक्या आगींवरच निरोगी राहत होती. तिथे दशकानुदशके सरपण साठत गेले. आजच्या भीषण वणव्यांना तापत चाललेले हवामान कारण आहे, डोंगरात घुसलेली घरे कारण आहेत. पण हे सरपणही आहे. १९७८ मध्ये खात्याने सकाळी दहाचा नियम अधिकृतपणे सोडला. तोवर त्याची किंमत माणसांनी मोजली होती. ५ ऑगस्ट १९४९ रोजी माँटानातल्या मॅन गल्च या ओसाड घळीत, विजेने लागलेली एक आग विझवायला विमानातून जवान उतरवले गेले. आग गवतातून उसळली आणि १३ जण मेले. त्यांचा नायक वॅग्नर डॉज वाचला, कारण त्याने पळता पळता पुढचे गवत स्वतः पेटवले आणि त्या राखेत तो आडवा झाला. बाकीच्यांना तो काय करतो आहे ते कळलेच नाही. आगीकडे फक्त शत्रू म्हणून पाहायला शिकवलेल्या माणसांना ते त्या क्षणी कळावे, ही अपेक्षाही कठोरच.

चिठ्ठी आली आहे: दहा मिनिटे. म्हणजे यलोस्टोनमधला १९८८ चा वणवा वगळावा लागेल. त्यावर दुसरे व्याख्यान लावा, मानधन वाढवून. (हशा) दुसरा आक्षेप असा की, हे शंभर वर्षांपूर्वीचे झाले, आता सुधारणा झाली आहे. तर मग हे ऐका. ३० जून २०१३ रोजी ॲरिझोनात यार्नेल हिल येथे वणवा विझवताना ग्रॅनाइट माउंटन हॉटशॉट्स या तुकडीतले १९ जण एकाच वेळी मेले. राज्यभर ध्वज उतरले, पुढे सिनेमाही निघाला. पण त्या १९ पैकी सहाच जण कायम नोकरीत होते; उरलेले १३ हंगामी. कायम असलेल्यांच्या कुटुंबांना मिळणारे लाभ हंगामींच्या कुटुंबांना द्यायचे की नाही, यावरून वाद झाला. एकाच खड्ड्यात, एकाच मिनिटात मेलेली माणसे आणि हजेरीपटावर दोन वर्ग! अमेरिकेच्या केंद्रीय सेवेत वणवा विझवणारे अगदी अलीकडेपर्यंत कागदोपत्री ‘वनतंत्रज्ञ’ होते, आणि कॅलिफोर्नियात तुरुंगातले कैदी कित्येक वर्षे काही डॉलर रोजावर हेच काम करत आले.

मागच्या रांगेतून सारखे विचारले जाते आहे, ‘आपल्याकडचे काय?’ आपल्याकडे ८ एप्रिल २०२१ रोजी गोंदिया जिल्ह्यात नागझिऱ्याच्या जंगलात वणवा विझवताना तीन वनमजूर मेले. तेही हंगामी. आपला वणव्यांचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून. त्याआधी जाळरेषा घ्यायच्या असतात, म्हणजे ठरावीक पट्टे साफ करून, जाळून ठेवायचे. उपग्रह आता आगीची जागा मोबाइलवर कळवतो. पण तिथे पोचून हिरव्या फांदीने किंवा ब्लोअरने आग झोडपणारा माणूस रोजंदारीवरचाच असतो.

‘मग जळू द्यायचे का?’ अशी दुसरी चिठ्ठी आहे. अध्यक्ष घड्याळ पाहत आहेत, तेव्हा उत्तर तुटक देतो. काही जंगलात, काही महिन्यांत, जाणकारांच्या देखरेखीखाली, हो. जाळरेषा म्हणजे दुसरे काय असते? गाव, गुरे, माणसे वाटेत असतील तिथे नाही, तिथे विझवायचेच. आणि तिसरी चिठ्ठी विचारते की, विझवणाऱ्यांना वीर म्हटल्याने कुणाचे काय बिघडते. म्हणायला माझी हरकत नाही. फक्त त्याच कागदावर विमा, वर्षभराचा पगार, प्रशिक्षण, आणि ‘या आगीवर आज जाऊ नका’ असे वरिष्ठाला सांगण्याची मुभा, एवढ्या चार बाबी आधी लिहाव्यात. चौथ्या बाबीला पैसा लागत नाही. तरी सगळ्यांत जास्त विरोध तिलाच होतो, कारण वीराने माघार घेणे कुणाला रुचत नाही.