उललेले हात

(यवतमाळ येथील हिवाळी व्याख्यानमालेत एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांनी दिलेले व्याख्यान)



मागच्या डिसेंबरात राळेगावकडच्या एक मावशी माझ्याकडे आल्या. त्यांची तक्रार त्वचेची नव्हतीच. "चार खेपा झाल्या बाई, रेशनची मशीन अंगठाच घेत नाही," असं त्या सांगत होत्या. मी त्यांचा हात हातात घेतला. अंगठ्याच्या पेरावर तीन खोल भेगा, भेगांत काळी माती बसलेली, बोटांची टोकं झिजून खरखरीत झालेली. दोन महिने त्या रोज कापूस वेचत होत्या. भाकर थापताना हात चरचरतात, तिखटाला हात लावायची भीती वाटते, हे मी विचारल्यावर त्यांनी सांगितलं. वर म्हणाल्या, "थंडीत उलतातच हात."

हे 'उलतातच' मला सोसवत नाही. हिवाळ्यातली त्वचा म्हटली की जाहिरातीतला चेहरा डोळ्यांपुढे येतो. आपल्या जिल्ह्यात मात्र हा विषय आधी हातांचा आणि टाचांचा आहे.

हात का उलतात, ते पाहू. आपल्याकडे हिवाळ्यात उत्तरेचं कोरडं वारं येतं. थंड हवेत बाष्प कमी मावतं, दुपारी तीच हवा तापली की ती तहानलेली होते आणि मिळेल तिथून ओल ओढते. आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो, बहुतेक अंगावर कागदाहूनही पातळ. त्याची रचना मला कुडाच्या भिंतीसारखी वाटते. पेशी म्हणजे काड्या, आणि त्यांच्यामधलं स्निग्ध द्रव्य म्हणजे लिंपण. लिंपण वाळून पडलं की वारा आत येतो, तशी इथे आतली ओल बाहेर जाते आणि बाहेरचं नको ते आत शिरतं. चेहऱ्यावर आणि डोक्यावर तेलग्रंथी भरपूर असतात, त्या थोडीफार डागडुजी करतात. तळहात आणि तळपायांना तेलग्रंथीच नाहीत. सगळ्यांत जास्त राबणाऱ्या या दोन जागांना तेल बाहेरूनच द्यावं लागतं.

आता पऱ्हाटीत चला. सीतादहीची पूजा होऊन पहिला वेचा निघतो तेव्हा बोंडं जरा मऊ असतात. तिसऱ्या वेच्यापर्यंत त्यांच्या पाकळ्या वाळून टोकदार होतात. कापूस काढायला बोटांची टोकं बोंडात घालावीच लागतात, दिवसातून हजारो वेळा. संध्याकाळी घरी आल्यावर भांडी आणि धुणं असतंच. बोअरचं पाणी जड, वणी-मुकुटबनकडे तर जमिनीतच चुनखडी. जड पाण्यात फेस येत नाही म्हणून साबण जास्त घासला जातो, आणि उरलंसुरलं लिंपण त्याच्याबरोबर धुऊन जातं. शेजारच्या वावरात हरभरा असेल तर आणखी एक त्रास. पहाटेच्या दवात हरभऱ्याच्या पानांवर जी आंब असते, ते आम्लच आहे. उललेल्या पायांनी त्या ओळींतून चालणं म्हणजे काय, हे इथे बसलेल्या अनेकींना ठाऊक आहे.

भेगांतून बाहेरचं नको ते आत शिरतं, त्यात फवारणीचं औषधही आलं. २०१७ साली आपल्या जिल्ह्यात कीटकनाशक फवारणीच्या विषबाधेनं वीसपेक्षा अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. शेकडो लोक रुग्णालयात दाखल झाले. औषध नाकातोंडातून जातं, एवढंच अनेकांना माहीत होतं. ते अंगावरच्या भिजल्या कपड्यातून, उघड्या पाठीतून, हातांतूनही शरीरात जातं. तेव्हा फवारणी पावसाळ्यातली होती, पण तुरीवरच्या आणि हरभऱ्यावरच्या घाटेअळीसाठी फवारणी ऐन थंडीत होते. धडधाकट त्वचेतून जे हळूहळू झिरपतं, ते भेगेतून झपाट्यानं जातं. म्हणून ज्यांचे हात उलले आहेत, त्यांनी औषध कालवू नये, हे मी प्रत्येक गावात सांगते. घरात दुसरं कुणी नसेल, तर रबरी हातमोजे घातल्याशिवाय डब्याला हात लावू नये.

उपाय महाग नाहीत. बांगलादेशात ढाक्याच्या एका रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना सूर्यफुलाचं तेल हलक्या हातानं लावलं गेलं आणि त्यांच्यातले जंतुसंसर्ग सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाले. २००५ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या तेलातलं लिनोलिक आम्ल त्वचेचं लिंपण घडवायला लागतं. आपल्या करडईच्या तेलात ते सूर्यफुलापेक्षाही जास्त असतं. करडई आपल्या वावरांतून हटत गेली याचं मला खरंच वाईट वाटतं. झरी-जामणी, केळापूरकडच्या कोलाम आणि गोंड घरांत मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल असतं. थंडीत ते थिजतं, आणि थिजतं म्हणूनच टाचेवर टिकून राहतं. तेही चांगलं.

वेळ मात्र पाळायला हवी. सकाळी तेल लावून वेचायला गेलात तर हाताला कचरा चिकटेल, कापूस मळेल, मालकाची बोलणी खावी लागतील. म्हणून रात्री, सगळी कामं उरकल्यावर, हातपाय दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवायचे आणि हलकेच टिपून ओलसर असतानाच तेल किंवा पेट्रोलियम जेली लावायची. वर जुने सुती मोजे. अंघोळीलाही कढत पाणी नको. साबण काखेत, जांघेत, पायांना लावला तरी पुरे. टाचांची कातडी फारच जाड झाली असेल तर युरियाचं मलम मिळतं. युरिया आपल्या त्वचेत मुळातच असतो, तो ओल धरून ठेवतो. पण खताच्या पोत्यातला युरिया कुणी लावू नका. एका आजोबांनी तो पाण्यात कालवून टाचांना लावला होता आणि जखमा घेऊन ते माझ्याकडे आले.

खाज आली म्हणून कुणाच्या सांगण्यावरून मलम आणू नका. त्यातल्या कित्येकांत स्टिरॉइड असतं. त्यानं चार दिवस बरं वाटतं, मग कातडी पातळ होते. शेकोटीपासूनही जरा लांब बसा. रोज शेकोटीला नडग्या लावून बसणाऱ्यांच्या पायांवर जाळीसारखे तपकिरी डाग पडतात. मधुमेहानं पाय बधिर झालेल्या माणसाला तर भाजलेलंही कळत नाही.

सगळ्या भेगांत मला भीती वाटते ती न दुखणाऱ्या भेगेची. कुष्ठरोगात नसा मरतात, तिथे घाम येत नाही, कातडी कोरडी पडते, टाच उलते आणि दुखत मात्र नाही. थंडीत सगळ्यांचीच कातडी पांढुरकी दिसते, त्या गर्दीत कुष्ठरोगाचा बधिर चट्टा लपून जातो. वरोऱ्याचं आनंदवन वणीपासून फार लांब नाही. बाबा आमट्यांनी ते कुष्ठरुग्णांसाठी उभं केलं त्या काळात या रोगावर आजच्यासारखी औषधं नव्हती. आज सरकारी दवाखान्यात सहा महिन्यांची किंवा वर्षाची गोळ्यांची पाकिटं फुकट मिळतात आणि रोग पूर्ण बरा होतो. उशीर झाला तर रोग जातो, पण मेलेल्या नसा परत येत नाहीत.

आभारप्रदर्शन झाल्यावर मी व्यासपीठाखाली त्या खांबाजवळ बसणार आहे. कापूस आणि टाचणी बरोबर आणली आहे. ज्यांच्या अंगावर बधिर चट्टा आहे, किंवा टाच उलली आहे आणि दुखत नाही, त्यांनी घरी जाण्याआधी चपला काढून मला पाय दाखवावेत. बायांनी आधी यावं, तुम्हाला अंधार पडायच्या आत घर गाठायचं असतं.