शिफारस की हुकूम?

तिरुवैयारुमधून बोलतोय. रस्ता घराला लागूनच आहे, मागे बसचे हॉर्न ऐकू येतील, सांभाळून घ्या.

मागच्या वर्षी आमच्या गल्लीतला एक रिक्षावाला कागदांची पिशवी घेऊन घरी आला. एका पोलीस ठाण्यात त्याला मारहाण झाली होती. दवाखान्याचे कागद होते, तक्रार मात्र कुठेच केलेली नव्हती. त्याने तमिळमध्ये विचारलं, "सर, मानवी हक्क आयोगाकडे जाऊन काही होतं का? ते नुसती शिफारस करतात म्हणे."

खरं सांगायचं तर माझीही तीच समजूत होती. फौजेतल्या सवयीचा परिणाम. आमच्याकडे कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते, साक्षी होतात, अधिकारी मत लिहितात आणि कागद कमांडरकडे जातो. कमांडरला मत पटलं नाही, तर तो वेगळा निर्णय देऊ शकतो. मत ते मत, हुकूम तो हुकूम. आयोगाचंही तसंच असणार, असं मी धरून चाललो होतो.

मग कायदा काढून वाचला. मानवी हक्क संरक्षण अधिनियम, 1993. कलम 18 सांगतं की चौकशीत दोष आढळला तर आयोगाने नुकसानभरपाई, खटला किंवा इतर कारवाईची शिफारस करावी. सरकारने एका महिन्यात, किंवा आयोग वाढवून देईल त्या मुदतीत, काय कारवाई केली ते कळवावं. शब्द 'शिफारस' असल्यामुळे ती सरकारला बांधील आहे की नाही, यावर न्यायालयांचे निकाल एकमेकांशी जुळत नव्हते. मणिपूरच्या प्रकरणात तर आपण दात नसलेला वाघ झालो आहोत, अशी व्यथा खुद्द राष्ट्रीय आयोगाने सर्वोच्च न्यायालयात मांडली होती.

आमच्या तमिळनाडूपुरता हा गुंता मद्रास उच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पूर्णपीठाने 5 फेब्रुवारी 2021 रोजी सोडवला. कलम 18 खालची शिफारस सरकारवर बंधनकारक आहे. मान्य नसेल तर सरकारने न्यायालयात आव्हान द्यावं, फाईल दाबून बसता येणार नाही. सरकार हललं नाही, तर आयोग स्वतः उच्च न्यायालयात जाऊ शकतो. भरपाईची रक्कम दोषी कर्मचाऱ्याकडून वसूल करायची असेल, तर त्याला नोटीस द्यायची, पण किती रक्कम एवढ्यापुरतीच. दोषी आहे की नाही, हा वाद तिथे पुन्हा उकरायचा नाही.

आता इथे माझ्यातला जुना अधिकारी थोडा सावध होतो. शिफारशीला हुकमाचं वजन आलं, की आयोगाला सैल हाताने लिहिता येत नाही. कलम 16 म्हणतं की ज्याच्या नावाला बट्टा लागू शकतो त्याला आपली बाजू मांडू द्या. फौजेत आर्मी रूल 180 आहे, जवळजवळ तसाच. तो पाळला नाही म्हणून आख्खी चौकशी कोलमडू शकते. आयोगाने ही पायरी गाळली, तर तो पोलीसवालाही न्यायालयात जाईल, आणि माझ्या मते त्याने जावंच.

दुसरी गोष्ट मुदतीची. कलम 36 प्रमाणे घटनेला वर्ष उलटून गेल्यावर आयोगाला चौकशी करता येत नाही. पंजाबातल्या बेवारस म्हणून केलेल्या सामूहिक दहनांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच राष्ट्रीय आयोगाकडे सोपवलं, आणि 1998 मध्ये सांगितलं की हे काम आमच्या वतीने चाललंय, इथे मुदतीची अट आड येणार नाही. पण 2003 मध्ये एका बेकायदा अटकेच्या तक्रारीत त्याच न्यायालयाने सांगितलं, वर्ष म्हणजे वर्ष. आयोगाला ते आपल्या मर्जीने ताणता येणार नाही. म्हणजे न्यायालयाने स्वतः पाठवलं तर वाट मोकळी, साध्या माणसाने उशीर केला तर दार बंद. मला हे खटकतं. मार खाल्लेला माणूस पहिले सहा महिने भीतीनेच गप्प असतो. पण कायदा संसदेने केलाय, बदलायचा तर तिनेच.

कलम 19 वरून मला नेहमी विचारतात. सशस्त्र दलांविरुद्ध तक्रार आली तर राष्ट्रीय आयोग केंद्र सरकारकडून अहवाल मागवतो, स्वतः नेहमीसारखी चौकशी करत नाही. त्यावर वेगळं बोलेन; आज ते पाच मिनिटांत उरकणं बरं नव्हे.

रिक्षावाल्याचा अकरावा महिना चालू होता. तक्रारीला फी लागत नाही. त्याने तमिळमध्ये सांगितलं, माझ्या मुलीने लिहून घेतलं, दवाखान्याचे कागद तारखेप्रमाणे लावले आणि दुसऱ्या दिवशी रजिस्टर पोस्टाने चेन्नईला पाठवलं. पोचपावती आली आहे. सुनावणीच्या तारखेची तो वाट पाहतोय.