बांधणारा आणि बांधवून घेणारा



घर बांधून पाहावे, असे आपल्याकडील म्हण सांगते. घर बांधविणाऱ्यास किती यातना होतात हे तिच्यातून कळते. मात्र त्यांपैकी किती त्याने स्वतःच ओढवून घेतलेल्या असतात, याविषयी ती मौन पाळते. काम रखडले, खर्च वाढला की दोष कंत्राटदाराच्या माथी मारण्याची रूढी जुनी आहे.

१८७२ च्या भारतीय करार कायद्याचे ६७ वे कलम दुसरी बाजू दाखविते. त्यातील उदाहरण घरदुरुस्तीचेच आहे. एकाने दुसऱ्याचे घर दुरुस्त करून देण्याचा करार केला. परंतु दुरुस्ती कोठे करावयाची ती ठिकाणे दाखविण्यातच घरमालकाने हयगय केली. त्यामुळे काम राहिले, तर दुरुस्ती करणारा दोषी ठरत नाही. दाखविणे, ठरविणे आणि वेळेवर सांगणे हीदेखील मालकाचीच कामे आहेत, हा त्याचा सरळ अर्थ.

या कर्तव्याचा विसर पडला की काय होते, ते सिडनीच्या ऑपेरा हाउसने दाखविले. १९५९ मध्ये न्यू साउथ वेल्स सरकारने काम सुरू करविले, तेव्हा छताच्या शिंपल्यांचा आराखडा पुरा झाला नव्हता. पुढे छताचा भार निश्चित झाला आणि चौथऱ्यातील खांब तो पेलण्यास अपुरे ठरले. ते पुन्हा बांधावे लागले. १९६३ मध्ये अपेक्षित असलेली वास्तू १९७३ मध्ये खुली झाली. सुमारे ७० लाख डॉलरचा अंदाज १० कोटी २० लाखांवर गेला. जगाने त्या वास्तूचे कौतुक केले, ते रास्तच. पण इतकी महाग घाई सर्वांना परवडत नाही.

लंडनच्या हीथ्रो विमानतळाचे पाचवे टर्मिनल बांधताना याउलट रीत अवलंबिली गेली. मालक कंपनीने मुख्य जोखीम स्वतःकडे ठेवून कंत्राटदारांना प्रत्यक्ष खर्च व ठरलेला नफा देऊ केला. त्यामुळे अडचण लपविण्यात कोणाचाच लाभ उरला नाही. बांधकाम मुदतीत झाले. मात्र २७ मार्च २००८ रोजी प्रवासी येऊ लागताच सामान हाताळण्याची व्यवस्था कोलमडली. कर्मचाऱ्यांची तयारी अपुरी पडली होती. वास्तू वापरणारेही या सहकार्यात आरंभापासून हवेत, हा तेथील धडा.

ग्रंथालयासारख्या संस्थेस एवढी जोखीम पेलणारी नाही. शिवाय येथे मालक म्हणजे समिती: एक सभासद खिडकी मोठी करावयास सांगतो, दुसरा ती बुजवावयास. म्हणून कंत्राटदाराशी बोलणारा एकच असावा. बदल लेखी असावा आणि त्याचा दर आधी ठरावा. पायाची खोली, सळयांची जुळणी अशी पुढे झाकली जाणारी कामे काँक्रीट ओतण्यापूर्वी उभयतांनी मिळून मोजावीत, मोजमाप पुस्तकात सह्या कराव्यात. मोजलेल्या कामाचे देयक मुदतीत चुकते करावे; पैसे अडले की मजूर दुसऱ्या कामावर जातात आणि मग मुदतीचा आग्रह धरण्याचा नैतिक अधिकार मालकाकडे उरत नाही.

आणखी एक गोष्ट ग्रंथालयानेच सांगावयाची असते: ग्रंथांची कपाटे कोठे उभी राहणार? ग्रंथसंचयाच्या खोलीचा भार राहत्या घराच्या तिपटीहून कमी धरीत नाहीत. ही जागा स्लॅबचे गणित होण्यापूर्वी न दाखविली, तर कायद्यातल्या त्या घरमालकाची आणि सिडनीच्या खांबांची चूक एकाच वेळी पदरी येते.

संस्थेची इमारत वर्गणीच्या रुपयांतून उभी राहते. देणगीदार कंत्राटदाराला ओळखत नाही. तो समितीवर विश्वास ठेवून पैसे देतो. कंत्राटदाराकडून चोख काम घेणे हे त्या विश्वासाचे अर्धे ऋण आहे. त्याला चोख काम करता येईल अशी वागणूक देणे हे उरलेले अर्धे.