मतदार होण्यापूर्वीचे राजकारण

मतदानाचे वय न झालेल्या मुलांना राजकारण शिकवावे की नाही, हा वाद जुना आहे. पालकांना ते अभ्यासाच्या आड येते असे वाटते. पक्षांना या मुलांची आठवण होते ती सतरंज्या उचलायला माणसे कमी पडली म्हणजे. अमेरिकेतील ज्यू समाजाच्या एका प्रवाहाने या वादाला दिलेले उत्तर समाजवादी कार्यकर्त्याने पारखून घ्यावे असे आहे.

काळानुसार धर्माचरण बदलले पाहिजे असे मानणाऱ्या ‘रिफॉर्म’ पंथाचे ‘रिलिजस अ‍ॅक्शन सेंटर’ वॉशिंग्टनमध्ये आहे. दर हिवाळ्यात देशभरच्या सिनेगॉगमधून शाळकरी मुलामुलींचे गट तेथील शिबिरांना येतात. शिबिराचे नाव ‘ल’ताकेन’, म्हणजे दुरुस्त करणे. शुक्रवार ते सोमवार, एवढाच काळ. बंदुकांवरील नियंत्रण, गर्भपाताचा हक्क, निर्वासितांचा प्रश्न, हवामान यांपैकी विषय निवडायचा आणि त्यावरील विधेयक समजून घ्यायचे. शनिवारी सायंकाळी शब्बाथला निरोप देण्याचा विधी जेफरसन स्मारकापाशी होतो. ज्याने सर्व माणसे समान असल्याचा जाहीरनामा लिहिला आणि आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगली, त्याचा हा पुतळा! नागरिकशास्त्राच्या कोणत्या पुस्तकात इतका पुरता धडा सापडेल?

रविवारी रात्री मुले आपले निवेदन स्वतः लिहितात आणि सोमवारी ते घेऊन कॅपिटॉल हिलवर जातात. पुष्कळदा लोकप्रतिनिधी भेटत नाहीत. त्यांचा एखादा तरुण साहाय्यक वही उघडून समोर बसतो. त्याला विधेयकाचे नाव सांगायचे, मागणी नेमकी सांगायची आणि त्या मागणीचा आपल्या घराशी, शाळेशी काय संबंध आहे तेही सांगायचे. घोषणा देणे याहून फार सोपे असते.

मात्र निवेदनाला वजन कशाने येते, हे या संस्थेच्या स्वतःच्या इतिहासातच दिसते. तिची वास्तू बोस्टनचे चामड्याचे कारखानदार किव्ही कॅप्लन यांच्या देणगीतून घेतली गेली. पुढे १९६६ ते १९७५ या काळात हे गृहस्थ कृष्णवर्णीयांच्या ‘एनएएसीपी’ या संघटनेचे अध्यक्ष होते. १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मतदान हक्क कायदा यांच्या मसुद्यांचे काही काम याच वास्तूतील बैठकीच्या टेबलावर झाले. त्याच सुमारास मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची मतदार नोंदणी करण्यासाठी तरुण जात होते. २१ जून १९६४ रोजी तेथे वीस वर्षांचा अँड्र्यू गुडमन, चोवीस वर्षांचा मायकेल श्वेर्नर हे दोघे ज्यू आणि एकवीस वर्षांचा कृष्णवर्णीय जेम्स चेनी यांची कू क्लक्स क्लॅनने हत्या केली. त्या कटात एक पोलीस अधिकारीही होता. प्रेते सापडली ४ ऑगस्टला, मातीच्या एका धरणाखाली. टेबलावरचा मसुदा आणि धरणाखालची ती तीन प्रेते वेगळी करून इतिहास शिकवला, तर अर्ज केल्याने हक्क मिळतात अशी मुलांची समजूत होईल.

दुसरी उणीव पैशाची आहे. अशा शिबिराला शुल्क लागते, प्रवासखर्च लागतो. एक दिवस कामावर न गेल्यास ज्याच्या बापाची मजुरी बुडते, त्या मुलाला कॅपिटॉल हिलचा दरवाजा इतक्या सहज उघडत नाही. राष्ट्र सेवा दलाने १९४१ पासून गरिबांच्या पोरांना शिबिरांत आणले, हे त्याचे मोठेच श्रेय. पण आपल्याकडील शिबिरे पुष्कळदा बौद्धिकांपाशीच संपतात आणि सोमवार उगवतच नाही, हेही कबूल केले पाहिजे.

आणि शिकवलेले शिकवणाऱ्यावरच उलटू शकते. गाझातील युद्ध सुरू झाल्यावर, १८ ऑक्टोबर २०२३ रोजी, याच कॅपिटॉल हिलवरील कॅनन इमारतीत शेकडो ज्यूंनी युद्धबंदीसाठी ठिय्या दिला. सुमारे तीनशे जणांना अटक झाली. त्यांना हाक देणारी ‘ज्यूइश व्हॉइस फॉर पीस’ ही संघटना झिओनवादाची उघड विरोधक आहे, तर रिफॉर्म पंथाचे नेतृत्व इस्रायलच्या पाठीशी उभे राहणारे. न्याय हा शब्द दोघांच्याही तोंडी आहे. सोमवारी निवेदन घेऊन त्या इमारतींत शिरणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलीला आता या दोघांपैकी कोणाचा न्याय आपला, हेही ठरवावे लागते. आणि ते तिच्या वतीने ना सिनेगॉग ठरवू शकते, ना पक्ष.