खत पिकले हे कसे ओळखावे?



वसंतातल्या संध्याकाळी मैल्याविषयी बोलावे हे काही रसिकपणाचे लक्षण नव्हे. परंतु आमचे आयुष्य सफाई कामगारांच्या संघटनेत गेले. दुसरे बोलायला आम्ही शिकलोच नाही. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण उकिरड्यावर आणि वाचनालयात झाले.

जुन्या लोकांनी मैल्याच्या खताला ‘सोनखत’ म्हटले. नाव सोन्याचे ठेवले आणि ते वाहणाऱ्याला गावाबाहेर ठेवले. आता मैला नळातून जातो. कसबा बावड्याच्या शुद्धीकरण केंद्रात पाणी निवळते, आणि मागे गाळ उरतो. पाण्याची चर्चा पंचगंगेच्या निमित्ताने सारे शहर करते. गाळापाशी आमची माणसे उभी असतात.

ह्या गाळात नत्र भरपूर आणि कर्ब थोडा. नुसताच ढीग घातला तर तो घट्ट बसतो, हवा शिरत नाही, घाण सुटते आणि नत्र वायू होऊन उडून जातो. म्हणून त्यात कोरडे काही मिसळावे लागते : पाचट, लाकडाचा भुसा, वाळका पाला. नत्राच्या एका भागास कर्बाचे तीसेक भाग असावेत. आणि आपल्याकडे ऊस तुटला की पाचटाला काडी लावणारे अजून आहेतच!

ही विद्या परदेशातून आली असे समजू नका. आल्बर्ट हॉवर्ड १९२४ साली होळकरांच्या इंदुरात आले. तेथे त्यांनी शेतातला कचरा, शेण, गोमूत्राची माती आणि राख यांचे थर देऊन, ढीग पालटून तीनेक महिन्यांत खत करण्याची रीत बसविली. त्याविषयीचे पुस्तक १९३१ साली निघाले. त्यावर हॉवर्डसाहेबांच्या जोडीला यशवंत वाड यांचे नाव आहे. हॉवर्ड जगाला ठाऊक झाले. वाडांचे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकले होते?

आता मुद्द्याचे. एका गावी (नाव सांगत नाही) ठेकेदाराने महिनाभरातच ढीग पोत्यांत भरला. शेतकऱ्याने ते खत मिरचीच्या रोपांना घातले आणि रोपे पिवळी पडली. कारण साधे आहे. कच्च्या खतातले जंतू आपले काम पुरे करण्यासाठी जमिनीतलाच नत्र ओढून घेतात. शेतकरी तणतणत आला, आणि शिव्या कोणाला? पोती उतरविणाऱ्या कामगाराला. त्या दिवसापासून आम्ही ठरविले की खताची पारख कामगाराला आलीच पाहिजे.

पहिली पारख नाकाची. पिकलेल्या खताला पहिल्या पावसातल्या मातीचा वास येतो. नाकाला झोंबले तर ते कच्चे. दुसरी पहारेची. ढिगाच्या पोटात पहार खुपसून घटकाभराने काढावी आणि हात लावावा. पहार गार लागली म्हणून लगेच हुरळू नका. वाळलेला ढीगही गार असतो. तो पिकलेला नसतो, नुसता झोपलेला असतो. त्याला पाणी देऊन पालटा आणि पुन्हा पहा. तापला, तर काम बाकी आहे. थोडे ओले खत पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर ठेवावे. उघडताच आंबूस वास आला तर तेही कच्चेच.

सर्वांत खरी पारख अळिवाची. खताचे पाणी गाळून एका थाळीत फडक्यावर अळीव भिजवा, दुसऱ्या थाळीत साधे पाणी घ्या. दोन-तीन दिवसांत मोड मोजा, मुळांची लांबीही पहा.

मात्र दोन गोष्टी अळीव सांगत नाही. जंतांची अंडी मारायला ढिगाचे सारे अंग ५५ अंशांच्या वर दिवसेंदिवस तापावे लागते, म्हणून पालटणे. ज्याने पालटायचे, त्याला हातमोजे आणि गमबूट मिळालेच पाहिजेत. ही आमची मागणी जुनी आहे. दुसरे, शिसे आणि कॅडमियम. ती उष्णतेने जळत नाहीत. शहरी खतात किलोमागे शिसे १०० मिलिग्रॅम आणि कॅडमियम ५ मिलिग्रॅम, ही सरकारी मर्यादा आहे. तिची तपासणी प्रयोगशाळेतच व्हायची. आणि मुलाम्याच्या कारखान्याचे पाणी गटारात सोडल्यावर ढिगाने तरी काय करावे?

आमच्या कामगारांनी परवा दोन थाळ्यांत अळीव घातले आहे. त्या मागच्या टेबलावर आहेत. कोणत्या थाळीत खताचे पाणी आहे ते आम्ही सांगत नाही. जाताना मोड मोजून तुम्हीच सांगा.