जिवाणूंची उतरवलेली वही



'सध्या काय वाचतेस त्यावर बोल,' असं संयोजकांनी मला सांगितलं. मी कॉम्प्युटरवर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. पण गेल्या वर्षभरात मी सगळ्यात जास्त वाचलं ते जिवाणूंबद्दल. कारण घरगुती आहे.

गेल्या वर्षी आईला लघवीचा जंतुसंसर्ग झाला. कल्चरचा रिपोर्ट आला. औषधांची लांबलचक यादी आणि बहुतेकांपुढे 'आर', म्हणजे रेझिस्टंट. जिवाणू कोणता, तर आपल्या सगळ्यांच्या आतड्यात राहणारा ई. कोलाय. गोळ्यांनी भागेना, शिरेतून इंजेक्शनं द्यावी लागली. मी डॉक्टरांना विचारलं, "या एवढ्याशा जिवाला इतकी औषधं पचवायला शिकवलं कुणी?" ते म्हणाले, "दुसऱ्या जिवाणूंनी."

बाई, तुम्ही आम्हाला शिकवलं होतं की एका जिवाणूचे दोन होतात आणि गुण पुढच्या पिढीत जातात. ते खरंच आहे. पण जिवाणूंचे गुण शेजाऱ्याकडेही जातात. १९४६ साली अमेरिकेत जोशुआ लेडरबर्ग आणि एडवर्ड टेटम यांनी ई. कोलायचे दोन अधू वाण एकत्र वाढवले. एकाला काही पोषक द्रव्यं स्वतः बनवता येत नव्हती, दुसऱ्याला वेगळीच काही. ती द्रव्यं नसतील तिथे दोघंही एकेकटे वाढत नव्हते. मिश्रणात मात्र दर कोटीमागे एखादा जिवाणू वाढला. दोघांचे गुण त्याच्यात एकत्र आले होते. लेडरबर्ग तेव्हा अवघे २१ वर्षांचे होते. पुढे १९५० मध्ये बर्नार्ड डेव्हिस यांनी दोन वाणांच्या मध्ये बारीक गाळणी ठेवली. द्रव आरपार जात होता, जिवाणू जात नव्हते. देवघेव थांबली. म्हणजे त्यासाठी प्रत्यक्ष भेट लागते.

ही भेट घडवतो 'पिलस'. देणाऱ्या जिवाणूच्या अंगावर प्रथिनांचा हा बारीक, केसासारखा धागा वाढतो. तो शेजाऱ्याला चिकटतो, मग आखडतो आणि दोघांना जवळ ओढतो. देणाऱ्याकडे मुख्य गुणसूत्राखेरीज डीएनएचं एक लहान कडं असतं, त्याला प्लाझ्मिड म्हणतात. त्याच्या दोन पदरांपैकी एक कापला जातो आणि पलीकडे सरकतो. मग दोन्ही पेशी आपापल्या एकेरी पदराला जोडीदार पदर तयार करतात. देणाऱ्याचं काहीच कमी होत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर हे कट-पेस्ट नाही, कॉपी-पेस्ट आहे. शाळेच्या भाषेत सांगायचं तर बेल व्हायच्या आत गृहपाठाची वही उतरवून घेणं.

आणि खरी गंमत पुढेच आहे. पिलस कसा बनवायचा याची कृतीही अनेकदा त्याच प्लाझ्मिडमध्ये लिहिलेली असते. म्हणून आज घेणारा उद्या देणारा होतो.

त्या वहीत औषधांना चकवण्याच्या युक्त्या असल्या तर? १९५०च्या दशकात जपानमध्ये हगवणीचे असे जिवाणू सापडले, ज्यांच्यावर एकाच वेळी चार औषधं चालत नव्हती. १९५९ मध्ये ओचियाई आणि अकिबा या संशोधकांच्या गटांनी दाखवून दिलं की, चारही औषधांचा प्रतिकार ई. कोलायकडून हगवणीच्या जिवाणूकडे एकदम जाऊ शकतो. जात वेगळी, तरी वही चालते.

हे वाचलं तेव्हा मला आमचा स्टीलचा डबा आठवला. उरलेल्या गोळ्यांच्या अर्ध्यामुर्ध्या पट्ट्या त्यात असायच्या. कुणाला सर्दी झाली, घसा धरला, की त्यातलं अँटिबायोटिक मीच काढून द्यायची. सर्दी विषाणूंची. त्या गोळीचा तिच्यावर काडीचाही परिणाम होत नाही. परिणाम होतो तो आतड्यातल्या निरुपद्रवी जिवाणूंवर. साधे मरतात, वही असलेले उरतात, वाढतात आणि ती वही पुढे देतात. पुढे कधी तिथे रोगजंतू आला, तर त्याला ती आयती मिळू शकते.

आईचा आजार त्या डब्यातूनच आला, असं मी म्हणू शकत नाही. नाही आला, असंही छातीठोकपणे म्हणू शकत नाही. इंजिनिअर असून इतकी वर्षं मी हा विचार केला नाही, याची मात्र लाज वाटते. माझी गोळी, माझं शरीर, माझा प्रश्न, असं मी समजत होते. पण जिवाणू वही उंबऱ्याबाहेरही नेतात.

आई आता बरी आहे. डब्यात तिने सुईदोरा ठेवला आहे. आमच्या घरी अँटिबायोटिक आता डॉक्टरांनी दिलं तरच, आणि सांगितलं असेल तसंच घेतलं जातं.

तुमच्याही घरी असा एखादा डबा असेल. आज घरी गेल्यावर तेवढा उघडून बघा.